कृपा त्याला, आज्ञा तिला

कोळेवाडी, जालन्याजवळ
८ फेब्रुवारी १९४८

प्रिय पद्माक्का हिला एकनाथचा प्रभूच्या नावाने सलाम.

आनंदाची बातमी आधी लिहितो. आपला प्रताप परत आला. गेल्या गुरुवारी मी शाळेच्या ओसरीवर मुलांच्या पाट्या तपासत बसलो होतो. कुंपणापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात पत्र्याची पेटी. मी विचारलं, कोण पाहिजे? तो म्हणाला, "दादा, मीच." अकरा वर्षांनी आपल्या धाकट्या भावाचा आवाज ऐकला आणि माझ्या हातातली पाटी खाली पडली.

इतकी वर्षं तो मुंबईला गिरणीत होता. दोन वर्षं झाली, दारूला शिवलेला नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरने त्याला प्रार्थनेला न्यायला सुरुवात केली आणि त्यातून हा बदलला. अक्का, हे सोंग नाही. पंचवीस वर्षं पाळकाचं काम करतो आहे, सोंग मला कळतं. आज रविवारी तो सगळ्या मंडळीपुढे उभा राहिला आणि आपलं पाप त्याने तोंडाने कबूल केलं. मी त्याचा हात धरून त्याला मंडळीत परत घेतलं, प्रभुभोजन दिलं. बाया रडत होत्या. आपले पंच अप्पाराव म्हणाले की असा रविवार त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

आता एकच गोष्ट राहिली. जयवंता तुझ्या वसतिगृहात आहे. तिला ही बातमी दे आणि तयारीत राहायला सांग. नवरा-बायको एकत्र आले की हे काम पुरं झालं.

तुझा,
एकनाथ


चिक्कडपल्ली, हैदराबाद
२१ फेब्रुवारी १९४८

चि. एकनाथ यास सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मधलं एखादं पान टपालात गहाळ झालं असावं, ज्यात तू जयवंताला काही विचारलं असशील. मग पानांवरचे आकडे पाहिले. गहाळ काही नाही.

प्रताप जिवंत आहे, शुद्धीवर आहे, याचा मला आनंद आहे. तो माझाही भाऊ आहे. त्याला मी कडेवर घेऊन फिरले आहे. पण जयवंता माझ्याकडे आली तेव्हा तिच्या डाव्या कानातून पू वाहत होता. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हा कान गेला. त्यानंतर दोन वर्षं ती दाराकडे पाठ करून कधी बसली नाही. आज ती बेचाळीस मुलींचा स्वयंपाक बघते. संध्याकाळच्या वर्गात बसून लिहा-वाचायला शिकली. भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करते आणि आमच्या दरबानाला दख्खनीत असं झापते की तो बिचारा तिला बघून विडी विझवतो.

मारलं तिला. आणि माफ केलंस तू, तेही ती अडीचशे मैलांवर भाकऱ्या थापत असताना. हा अधिकार तुला कोणत्या मिशनने दिला, तेवढं कळव.

बातमी मी तिला सांगितली. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "बरं." तयारीत राहायला मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तुझी,
पद्माक्का


कोळेवाडी
१० मार्च १९४८

प्रिय अक्का,

तुझ्या पत्राने मन दुखलं. तू वीस वर्षं वसतिगृह चालवते आहेस, घंटेवर उठणं, घंटेवर जेवणं, फाटकावरची भेटीची वेळ. मला कधी कधी वाटतं, देवाच्या राज्यालाही तू तसंच फाटक लावलं आहेस.

कृपा म्हणजे काय, हे तुला मी शिकवावं असं नाही. आपण दोघं एकाच बापाच्या मांडीवर बसून ते शिकलो. माणूस लायक होतो आणि मग त्याला कृपा मिळते, असं नसतं. तो चिखलात असतानाच ती येते. प्रतापने आधी काही करून दाखवावं, इतकी वर्षं थांबावं, इतके अश्रू गाळावेत, अशी अट आपण घालू लागलो तर ती मजुरी झाली. मी त्याला माफ केलं नाही. देवाने केलं. मी फक्त हात पुढे केला.

आणि ज्याच्यावर कृपा झाली आहे त्याने आज्ञा पाळायची असते, हेही त्याच शिकवणीत आहे. जयवंताने वेदीपुढे वचन दिलं होतं. ते मोडलेलं नाही. तिचा राग मी समजू शकतो, पण रागाला आपण आज्ञेपेक्षा मोठं करू शकत नाही.

इकडचे दिवस बरे नाहीत. रझाकारांच्या बातम्या रोज येतात. गाड्या केव्हा बंद होतील सांगता येत नाही. म्हणून मी थांबलो नाही. प्रतापला काल काचीगुड्याच्या गाडीत बसवून दिलं. हे पत्र तुला मिळण्याआधी तो तुझ्या दारात असेल. त्याला आत घे.

तुझा,
एकनाथ


चिक्कडपल्ली
२९ मार्च १९४८

एकनाथ,

पाहुण्याच्या मागून त्याच्या येण्याचं पत्र आलं. यापुढे अशा गोष्टी करायच्या असतील तर निदान तार करत जा.

प्रताप आला तो सकाळी दहाला. मुली शाळेत होत्या. दरबानाने येऊन सांगितलं, "बाईसाब, कोई आपका भाई बोलता." मी फाटकापाशी गेले. त्याला पाहून मला वडीलच आठवले. तसेच खांदे, तसंच उभं राहणं. माझे डोळे भरून आले, हे तुला लिहायला हरकत नाही. तरी फाटक मी उघडलं नाही.

"अक्का, आत येऊ?"

"नाही."

"दादा म्हणाला, सगळं ठरलंय."

"दादाने ठरवलंय. इथे कोणी काही ठरवलेलं नाही."

तेवढ्यात जयवंता स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे. नळापाशी थांबली, पुढे आली नाही. प्रतापने टोपी काढली. तीच आधी बोलली. "तुम्ही इथं येऊ नका. मी बोलावल्याशिवाय येऊ नका."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "अक्का, दादा तर म्हणाला की..."

मी म्हटलं, "दादा कोळेवाडीला आहे. जे ऐकलंस ते तिने सांगितलं."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग पेटी उचलून गेला. आता बेगम बाजारात एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे पोती वाहतो, तिथेच माडीवर झोपतो. आमच्या दरबानाचा मेहुणा तिथे बंडी हाकतो, त्याच्याकडून कळलं.

आता तुझ्या कृपेविषयी. पत्र मी नीट वाचलं आहे आणि पहिल्या अर्ध्याशी माझं भांडण नाही. कृपा फुकट असते, मान्य. ती चिखलात येते, मान्य. माझं भांडण दुसऱ्या अर्ध्याशी आहे. ज्याच्यावर कृपा झाली त्याने आज्ञा पाळायची असते, असं तूच लिहितोस. कृपा झाली प्रतापवर. मग आज्ञा जयवंताला का? तू एका हाताने त्याला कृपा दिलीस आणि दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यावर आज्ञा ठेवलीस, आणि दोन्ही एकाच पत्रात. लिहिताना तुझा हात थांबला कसा नाही?

पद्माक्का


कोळेवाडी
२५ एप्रिल १९४८

प्रिय अक्का,

तुझं पत्र फोडून पुन्हा चिकटवलेलं मिळालं. सरकारी माणसांनी आपला वाद वाचला असेल तर त्यांनाही काही लाभ होवो.

गावातली निम्मी घरं बंद आहेत. लोक सामान बंड्यांवर घालून हद्दीपलीकडे हिंदुस्थानच्या मुलखात चालले आहेत. शाळेत नऊ मुलं उरली. मी जात नाही. मंडळी इथे आहे तोवर पाळक इथेच. पण डोळ्यांदेखत घरं मोडताना पाहतो तेव्हा वाटतं, निदान एक घर तरी जुळावं. तेवढंही तू होऊ देत नाहीस.

माणूस दारात येतो, पश्चात्तापाने येतो, आणि जयवंता त्याला नळाजवळून परत पाठवते. अक्का, याला अहंकार म्हणतात. तू त्याला खतपाणी घालते आहेस.

आणखी एक. हे मला लिहायला बरं वाटत नाही. पंचांची बैठक झाली. अप्पारावांचं म्हणणं असं की प्रतापला परत घेतलं आणि त्याची बायको त्याला नाकारते, यात मंडळीची शोभा नाही. जयवंताने पावसाळ्याआधी उत्तर द्यावं, नाहीतर तिचं नाव यादीतून कमी करावं, असं ठरलं. मी त्यांना थांबवू शकत नाही. तिला समजावून सांग.

एकनाथ


चिक्कडपल्ली
६ जून १९४८

एकनाथ,

तुझं पत्र मी जयवंताला वाचून दाखवणार नव्हते. पण ती आता वाचते. टेबलावर पडलेलं तिनेच वाचलं.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "वन्सं, भावजींनी तुम्हाला ओसरीचं कधी सांगितलं?"

मी विचारलं, "कसली ओसरी?"

मग तिने सांगितलं. मी ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुला विसर पडला असेल तर आठवेल.

सदतीस सालच्या आषाढात भर दुपारी ती तुझ्या ओसरीवर आली होती. ओठ फुटलेला, पदराला रक्त. तू तिला पाणी दिलंस. तिचं सगळं ऐकलंस. तुझ्या बायकोने तिला आत ये म्हटलं, तर तू हाताने थांबवलंस. मग तू प्रार्थना केलीस. आणि म्हणालास की बायकोने आज्ञेत राहावं, तिच्या सोसण्याने नवऱ्याचं मन वळेल. ती म्हणाली, "भावजी, मला तिकडं भ्या वाटतं." तू म्हणालास, "मी येतो सोबत." आणि तिला तिच्या दारापर्यंत पोहोचवून, प्रतापच्या हवाली करून, तू परत आलास.

कान त्यानंतर चौथ्या दिवशी गेला.

मला तू तेव्हा लिहिलं होतंस की जयवंता विहिरीवर पाय घसरून पडली, तिला काही दिवस तुझ्याकडे ठेवून घे. तू ते खरं समजून लिहिलंस, असं अकरा वर्षं मी धरून चालले. प्रतापने मारलं हे तिच्याकडून कळलं, पण तू तिला हाताला धरून तिथे नेलंस हे तिने मला कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाली, "तुमचा भाऊ तुम्हाला प्यारा आहे. मी कशाला त्यात."

आता मला तुझी सगळी घाई समजली. प्रतापला तू एका रविवारात माफ केलंस कारण तो सुटला की तूही सुटलास. जयवंता त्याच्या घरी नांदायला गेली की तुझ्या ओसरीवरची दुपार पुसली जाते. तिचं नाव तुझ्या यादीत राहो वा न राहो. तुझ्या पंचांना सांग, ते नाव त्यांनी लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यांना खोडताही येणार नाही.

मी रागावलेली नाही असं लिहिणार होते. ते खोटं होईल.

पद्मावती


चिक्कडपल्ली
३ ऑक्टोबर १९४८

एकनाथ,

जूनपासून तुझं एक अक्षर नाही. आधी वाटलं, तोंड लपवतो आहेस. आता वाटतं, तोंड लपवत असशील तर बरं. तुमच्या भागाविषयी ऐकू येतं त्याने जेवण जात नाही. आधी एकांचा जुलूम, आता फौज आल्यावर दुसऱ्यांचा सूड. जिवंत असशील तर कळव. त्या दुसऱ्या गोष्टीचं उत्तर नसेल तर नको देऊ, पण कळव.

आम्ही सुखरूप आहोत. १३ सप्टेंबरच्या सोमवारी हिंदुस्थानच्या फौजा हद्दीत शिरल्याचं रेडिओवर कळलं तेव्हा एकोणीस मुली इथेच अडकल्या होत्या. फाटकाला आतून कुलूप घातलं. बाजार बंद. बुधवारपर्यंत पीठ संपलं. मी मुलींना सांगत होते की उद्या दुकानं उघडतील, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी दरबान डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं पोतं आणि हातात मिठाची पुरचुंडी घेऊन आत आला. प्रतापने आणून दिलं होतं. बेगम बाजारापासून इथवर, रस्ते ओसाड, चौकाचौकांत हत्यारबंद माणसं, तो पोतं खांद्यावर घेऊन चालत आला.

जयवंताने दरबानाला विचारलं, "क्या बोले?"

तो म्हणाला, "कुछ नई बोले. पूछे, बच्चियां अच्छे हैं क्या. मैं बोला, हौ. तो चले गए."

"अंदर आता बोले?"

"नक्को बोले. इजाजत नई है बोले."

जयवंता पोत्यापाशी खाली बसली. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, "वन्सं, लग्नाला अठरा वर्षं झाली. मी सांगितलेली गोष्ट त्यांनी ऐकली, ही पहिली खेप." मग उठली आणि परातीत पीठ ओतलं.

मार्चपासून तो एकदाही फाटकाकडे फिरकला नव्हता, हे मी तुला लिहिलं नव्हतं. तुझ्यावरच्या रागात ते राहून गेलं. तेवढा माझा दोष.

लिही.

अक्का


कोळेवाडी
२ नोव्हेंबर १९४८

प्रिय अक्का,

मी जिवंत आहे. तुझी दोन्ही पत्रं माझ्यापुढे आहेत. जूनचं पत्र मी तेव्हाच वाचलं होतं. उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तिन्ही वेळा पहिल्या ओळीत मी स्वतःची बाजू मांडत होतो.

सप्टेंबरच्या अखेरीस, फौज पुढे गेल्यावर, बाहेरगावची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन गावोगाव फिरू लागली. आपल्या गावात मोमिनांची तीन घरं आहेत, मुसलमान विणकरांची. त्यांनी कोणाचं काही केलं नव्हतं. चौदा माणसं होती, त्यातली सात मुलं. मी त्यांना प्रार्थनामंदिरात आणून ठेवलं. नऊ दिवस ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माणसं दारात आली. म्हणाली, "पाळकसाहेब, तुमचं आमचं भांडण नाही. त्यांना बाहेर काढा, तुम्ही घरी जा." मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "नाही." एवढंच. शिव्या झाल्या, एक दगड खिडकीला लागला, आणि तासाभराने ती माणसं गेली. मला वाटलं होतं, हा शब्द उच्चारायला फार मोठं धैर्य लागत असेल. लागलं नाही.

ती गेल्यावर मी पायरीवर बसलो आणि मला रडू कोसळलं. माझी बायको समजली, मी घाबरलो. तसं नव्हतं. मला ती दुपार दिसत होती. अकरा वर्षांपूर्वी हाच शब्द माझ्या धाकट्या भावाला म्हणायचा होता. त्याच्या हातात कुऱ्हाडसुद्धा नव्हती. मी तो म्हटला नाही. उलट तिला सोबत करून पोहोचवून आलो आणि घरी येऊन समाधानाने जेवलो. चार दिवसांनी कळलं तेव्हा तुला विहिरीचं खोटं लिहिलं.

तू लिहिलंस ते खरं आहे. प्रतापला सोडवताना मी स्वतःला सोडवत होतो. अकरा वर्षं मी कृपेवर उपदेश केले. त्या सगळ्या वर्षांत ती मी स्वतः कधी मागितली नाही, कारण मागायची तर काय केलं ते सांगावं लागलं असतं.

अक्का, मला क्षमा कर.

एकनाथ


चिक्कडपल्ली
१४ नोव्हेंबर १९४८

प्रिय एकनाथ,

तू जिवंत आहेस आणि चौदा माणसं जिवंत आहेत. तुझं पत्र हातात घेऊन मी प्रार्थनेच्या खोलीत बसले होते. मुलींना वाटलं, मला बरं नाही.

पण तू अजून तीच चूक करतो आहेस. कान माझा गेलेला नाही. माझ्याशी खोटं बोललास त्याची क्षमा तुला दिली, ती माझी होती. बाकीची माझ्याकडे नाही. घराचा पत्ता तोच आहे, पाकिटावरचं नाव बदल. आणि मध्ये मला घालू नकोस.

अक्का


चिक्कडपल्ली, हैदराबाद
९ जानेवारी १९४९

वडील भावजींना जयवंताचा सलाम.

तुमचं पत्र मिळालं. मी स्वतः लिहिते आहे, अक्षराला हसू नये. वन्सं दुरुस्त करू का म्हणाल्या, मी नको म्हटलं.

तुम्ही विचारलं, मी तुम्हाला माफ करीन का. भावजी, ते केव्हाच झालं. पाच वर्षं झाली असतील. मी काही ठरवून केलं नाही. मला तुमच्या दोघांचा फार राग होता. भाकऱ्या थापताना मी तुमच्या दोघांची नावं घेऊन थापायची. एका रविवारी उपासनेहून आले, चूल पेटवली, आणि बघते तर राग नव्हता. मी शोधला, तरी नव्हता. मी त्याच्यासाठी काही केलं नव्हतं. प्रार्थनाही केली नव्हती, खरं सांगते, कारण मला तो राग सोडायचा नव्हता. देवाने तो न विचारता काढून नेला. कृपा कृपा म्हणतात ती हीच असेल असं मला वाटलं. तुम्ही शिकलेले आहात, चुकत असेल तर सांगा.

तुम्ही विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

त्यांनाही माफ केलेलं आहे. ते मी गेल्या महिन्यात त्यांना बोलावून सांगितलं. बोलावलं म्हणून आले. वन्सं सोबत बसल्या होत्या. ते पुष्कळ रडले. मी म्हटलं, रडून झालं की चहा घ्या. आता दर रविवारी उपासना झाल्यावर येतात, व्हरांड्यातल्या बाकावर बसतात, घंटा झाली की जातात. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, घरी येशील का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरं. आणि आठ दिवसांनी पुन्हा आले, तोंड वाकडं न करता. पुढचं मला माहीत नाही. माफ केलं म्हणजे त्या घरात परत जायचं, असं मला देवाने सांगितलेलं नाही. सांगितलं तर मी ऐकीन. पण त्याने ते मलाच सांगावं, दुसऱ्याच्या तोंडून निरोप नको.

तुम्ही लिहिलं, मी आता काय करू. मी कोण सांगणार. पण विचारलं आहे तर सांगते. पुन्हा कोणी बाई तुमच्या ओसरीवर आली तर तिला आत घ्या. आधी आत घ्या, प्रार्थना नंतर करा.

जाऊबाईंना सलाम. त्या दिवशी त्यांनी मला आत ये म्हटलं होतं, ते मी विसरले नाही. त्यांना सांगा.

तुमची,
जयवंता


कोळेवाडी
२० मार्च १९४९

प्रिय अक्का,

हे पत्र घाईत लिहितो आहे आणि माझं डोकं ठिकाणावर नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी अप्पारावांची सून रजनी आमच्या ओसरीवर आली. हो, तेच अप्पाराव, आपले पंच. वीस वर्षांची पोर, मनगट सुजलेलं, पायात चपला नाहीत. मी तोंड उघडायच्या आत माझ्या बायकोने तिला दंडाला धरून आत नेलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजूला सरलो. जयवंताचा निरोप मी तिला वाचून दाखवला होता.

तासाभरात अप्पाराव, त्यांचा मुलगा आणि आणखी दोन पंच दारात. अप्पाराव म्हणाले, "पाळकसाहेब, सूनबाईंना पाठवा."

मी म्हटलं, "तिला यायचं असेल तर येईल. मी विचारून आलो. तिला यायचं नाही."

"तुम्हीच वेदीवरून सांगता की बायकोने आज्ञेत राहावं. पंधरा वर्षं आम्ही ऐकतो आहोत."

"सांगत होतो," मी म्हटलं. "चुकीच्या माणसाला सांगत होतो. आता तुमच्या मुलाला सांगायचं आहे. त्याने रोज संध्याकाळी माझ्याकडे यावं. एकट्याने यावं. तिला भेटायचं नाही, माझ्याशी बोलायचं."

मुलगा खाली मान घालून उभा होता. अप्पाराव इतके संतापले की त्यांना खोकल्याची उबळ आली. मीच पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं नाही. पंच आता मिशनला अर्ज करणार आहेत की हा पाळक घरं फोडतो, याची बदली करा. आज उपासनेला अकरा माणसं होती, त्यांतले चौघे मोमीन, खिडकीची काच बसवायला आले होते ते थांबले.

या सगळ्याचं मला काही वाटत नाही, असं नाही. पुष्कळ वाटतं. बदली झाली तर या वयात कुठे जाऊ, हेही मनात येतं. पण तुला लिहायचं कारण ते नाही. ती पोर पाच दिवस झाले, भिंतीकडे तोंड करून बसते. जेवते, पण बोलत नाही. मी खोलीत गेलो की उभी राहते. माझी बायको म्हणते, तुम्ही जाऊ नका. मग मी ओसरीवर बसतो आणि तिथून घरातल्यांवर विनाकारण ओरडतो. मुलगा दोन संध्याकाळी आला, तिसऱ्या दिवशी आला नाही. उद्या मी त्याच्या घरी जाणार आहे. काय बोलायचं ते माहीत नाही.

उपदेश कसा करायचा ते मला येतं. ही गोष्ट येत नाही. तू आणि जयवंताने अकरा वर्षं हे केलं आहे. पहिल्या आठवड्यात काय करावं, काय बोलू नये, तिला कोणतं काम द्यावं की देऊच नये, सगळं लिही. जयवंतालाही विचारून लिही.

रागावून लिहिलंस तरी चालेल, फक्त लवकर लिही.

तुझा,
एकनाथ